गॅसचं बटण

एकदाच दूध उतू गेलं, स्मोक अलार्म कोकलला आणि मुलाने गॅसची सगळी बटणं उपटली. “तुझ्याच सेफ्टीसाठी, आई.” अमेरिकेतल्या त्याच्या नेपरव्हिलच्या घरात एकच बटण उरलंय, वांजिकूच्या खिशात. वांजिकू केनियाची, मला सांभाळायला ठेवलेली. आज तिच्या गावाकडचा परतलेला राजमा व्हायचा होता. कांदा चिरताना तिने माझ्याकडे पाहिलं आणि बटण माझ्या हातात दिलं. “ओन्ली टुडे, मम्मा.” मी गॅस पेटवला. कांदा लाल केला, टोमॅटो आणि उकडलेला राजमा घातला, सवयीने गुळाचा खडाही. इतक्यात बेसमेंटमधून मुलगा वर आला. गॅस बंद करून मी बटण मुठीत लपवलं. त्याने उभ्यानेच चव घेतली. “वांजिकू, अमेझिंग! आई, तूसुद्धा अशीच उसळ करायचीस ना?” खरं बोलले तर तिची नोकरी जाईल. “करायचे,” मी म्हटलं. मुठीतलं बटण अजून गरम होतं.