नवरदेवाची गाडी

चावी फिरवली तर गाडीनं साधं हूं की चूं केलं नाही.

आयुषनं पुन्हा फिरवली. बॉनेटवर गुलाबांचं बदाम, दोन्ही बाजूंना झेंडूच्या माळा, मागच्या काचेवर ‘रजत वेड्स दीपमाला’, एवढा सगळा थाट आणि आत जीव नाही. पाठवणीची तयारी सुरू झाली होती.

“काय झालं गा?” नवरदेवाची आई प्रेमिलाबाई लगबगीनं आल्या.

“बॅटरी उतरली, आई. पूर्णच.”

प्रेमिलाबाई शेजारच्या बाईकडे वळल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाल्या, “पोरगी अजून गाडीत बसली नाही अन् गाडी बंद. पायगुण म्हना.”

ते नवरीच्या धाकट्या बहिणीनं, हिमानीनं ऐकलं. मनीषनगरात दोघी बहिणी मिळून बॅटऱ्यांचं दुकान चालवत. वडील नत्थूजी उमरेडचा हातमाग सोडून नागपुरात आले आणि त्यांनी ते दुकान टाकलं, पण नावारूपाला आणलं पोरींनी. आणि आज सकाळीच प्रेमिलाबाईंनी चारचौघांत सांगून टाकलं होतं, की आमच्या सुनेनं आता ॲसिडात हात घालायचे नाहीत. रजत आईपुढे नेहमीसारखा गप्प. दीपमालानं तेव्हापासून उखाण्यापुरतंच तोंड उघडलं होतं. बहिणीचा तो उतरलेला चेहरा हिमानीला दिवसभर सलत होता.

“थोडा वेळ द्या,” ती म्हणाली. “ताई याच गाडीत जाईन.”

आयुषला हसू आलं. नवरदेवाचा हा धाकटा भाऊ फार हौशी. त्यानं गाडीला मुद्दाम बाहेरून मागवलेली लिथियमची बॅटरी बसवली होती, एका हातानं उचलावी इतकी हलकी, आणि सकाळपासून वऱ्हाडात तो तिचंच कौतुक सांगत फिरत होता. त्याची दुसरी फुशारकी जोड्यांची. करवल्यांचा डोळा पडायच्या आत नवरदेवाचे जोडे खोक्यात घालून त्यानं डिक्कीत कुलूपबंद केले होते. पहारा असा, की हिमानीनं “अजून एक गाणं होऊ द्या ना” म्हणत दुपारभर त्याच्याकडून गाडीत गाणी वाजवून घेतली, तेव्हाही पठ्ठ्या गाडीपासून हलला नाही.

बॅटरी डिक्कीतच होती. आयुषनं कुलूप काढलं, जोड्यांचं खोकं कोपऱ्यात सरकवलं. हिमानीनं शालूचा पदर कमरेला खोचला आणि आयुषकडचं मीटर लावलं. शून्य.

“संपली,” आयुष म्हणाला. “फेकून द्याची का आता?”

“मेली नाही, झोपली आहे. लय उतरली की ही स्वतःलेच बंद करून घेते, खराब होऊ नये म्हणून. मंग चार्जरले वाटते, इथं बॅटरीच नाही.”

“तर दुसऱ्या गाडीवरून जंपर लावून सुरू करून घेऊ.”

“अन् वर्धा रोडच्या सिग्नलले बंद पडली तर? पुन्हा ताईच्याच पायगुणावर येईन.”

हिमानीनं फोन करताच दुकानातले जुने कारागीर कवडूकाका मोपेडवरून चार्जर, हत्यारांची पिशवी आणि भरलेली एक बॅटरी घेऊन आले. हिमानीनं दोन्ही बॅटऱ्या शेजारी शेजारी जोडल्या, लालला लाल, काळ्याला काळी. जागी बॅटरी शेजारी असली की झोपलेली डोळे उघडते, हे तिला ताईनंच शिकवलं होतं.

थोड्या वेळानं चार्जर लावला. लाल दिवा. तिनं चिमटे काढले, पॉलिश पेपरनं घासले, पुन्हा जोडले. पुन्हा लाल.

मेच्या उन्हात ती घामानं निथळत होती. मेंदी काळी पडली होती. नत्थूजींना बघवेना.

“बेटा, दुसरी गाडी सांगतो ना मी.”

“नाही बाबा. हेच सुरू होईन.” मग तिनं आयुषकडे पाहिलं. “तुम्ही पुढं जाऊन बसा. मी सांगितल्याशिवाय चावी फिरवू नका.”

आयुष पुढं जाऊन बसला. मागं डिक्कीचं झाकण उभं होतं. त्याच्या आडून तिची खुडबूड ऐकू येत होती, आणि अधूनमधून कवडूकाकांचं खोकणं.

या खेपेला दिवा हिरवा झाला. बॅटरी पुरेशी भरेपर्यंत हिमानी तिथून हलली नाही. मग तिनं आवाज दिला, “मारा आता.”

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. बँडवाल्यांनी न सांगता ताशा वाजवला. कवडूकाकांनी सामान मोपेडवर बांधलं आणि ते दुकानाकडे निघून गेले.

“हुशार आहे वं पोरगी,” प्रेमिलाबाईंना म्हणावंच लागलं.

पाठवणीची वेळ झाली. दीपमाला वडिलांच्या गळ्यात पडून रडली. रजत मांडवात अनवाणी उभा होता. आयुषनं डिक्कीतून खोकं काढलं आणि करवल्यांच्या डोक्यांवरून मिरवत आणलं. हातात ते जरा हलकं लागलं, पण हलक्या वस्तूंचं त्याला कौतुकच होतं.

“बसा आता हात चोळत,” म्हणत त्यानं झाकण उघडलं.

आत रबरी हातमोजे होते. मनगटाशी पेनानं लिहिलेलं नाव ‘दीपमाला’.

आयुषला दुपारचं एकेक गाणं आठवू लागलं. रजतला हसू आवरेना. प्रेमिलाबाईंनी मुकाट्यानं पर्स उघडली.

“बोल, नेग काय पाहिजे तुले?”

“पैसे नको, काकू,” हिमानी म्हणाली. “जोडे दुकानात पोचले. सोमवारी ताई दुकान उघडाले आली, की तिच्याच हातानं पाठवून देतो.”