फ्लेक्सवर भाऊ

शी! सगळ्यात वर भाऊंचंच थोबाड. गॉगल लावलेलं, ट्रॅक्टरच्या चाकाएवढं. खाली कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे चौघे: ओंकार, तनुजा, सनी आणि ओम. 'बिनशेती बँडच्या पहिल्यावहिल्या अल्बमला हार्दिक शुभेच्छा!' चाकणच्या चौकात, भर दुपारी, वीस बाय दहाचा फ्लेक्स.

वर्षभर पत्र्याच्या शेडमध्ये घाम गाळून चौघांनी अल्बम केला होता. आठ गाणी, आठही कान फाडणारी. तिसरं तर गावच्या गायरानावरच होतं. ते गायरान याच भाऊंनी, म्हणजे इथल्या पुढाऱ्यानं, घशात घातलं आणि तिथं गोदामं उठवली. कागदपत्रं फिरवणारा दलाल कोण, तर ओंकारचा बाप, रोहिदास. आणि आता हा फ्लेक्सही बापानंच लावलेला! लाज कशाशी खातात हे माहीत नाही या माणसाला.

"हे उतरलं नाही ना, तर ड्रम दुसरं कुणीतरी वाजवेल," तनुजा म्हणाली. संध्याकाळी निगडीत त्यांचा पहिला शो होता. "लोक थुंकतील राव आपल्यावर."

ओंकारनं शेजारच्या हार्डवेअरवाल्याची शिडी आणली, कटर घेतला आणि वर चढला. तेवढ्यात बुलेटवरून रोहिदास आला. आरडाओरडा नाही, काही नाही. त्यानं येऊन शिडी धरली.

"बेतानं. पडशील."

हे बघून ओंकार आणखीच पेटला. "आप्पा, किळस नाही का येत तुम्हाला? भाऊंचे तळवे चाटून पोट भरलं नाही, म्हणून आता आमच्या गाण्यांवर पण त्यांचा फोटो? अल्बम ऐकलाय का तरी?"

"ऐकला की. दोनदा. तिसरं गाणं तर चारदा."

ओंकारचा हात थांबला. स्टँडवरचे रिक्षावाले वर बघत होते.

"'गायरान खाल्लं रोहिदासनं', व्हय ना? लई झोंबलं. पण खोटं काय न्हाई त्यात." रोहिदासचा आवाज जराही चढला नाही. "आठी गाणी ऐकली. माझं नाव धा वेळा हाय. भाऊंचं एकदा बी न्हाई. म्हटलं, पोरगं बी आपल्यासारखंच भितंय त्यांना. म्हणून लावला फोटो."