रिकामं दावं

खिडकीतली ताटली खणखणली आणि घरातले सगळे दचकले. गावाच्या आसपास वाघ फिरायला लागल्यापासून दिवस कलला की दारं लागायची, कुत्रंसुद्धा भुंकायचं नाही. पण थरथरत होता तो मोबाइल. रेंज तेवढ्या खिडकीतच यायची, म्हणून रिनाने तो ताटलीत ठेवला होता.

फोन चंद्रपूरच्या दवाखान्यातून होता. तिची केमो संपली होती, जीव अडकला होता तो स्कॅनच्या रिपोर्टात. रिनाने ऐकून घेतलं आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

"स्कॅनमंदी काहीच नाई दिसलं म्हणते."

सासूने तिच्या केस गेलेल्या डोक्यावरून हात फिरवला. "गेलं वो माय. गेलं एकदाचं."

छोटी समता बकरीच्या रिकाम्या दाव्याशी खेळत होती. दावं हातात तसंच धरून ती उठली, आईला बिलगली आणि तिच्या छातीला कान लावून बराच वेळ ऐकत राहिली. मग हळूच, कोणी जागं होऊ नये अशा आवाजात म्हणाली, "आई, फॉरेस्टवाल्यायच्या कॅमेऱ्यातबी वाघ दिसला नव्हता न? मंग आपली बकरी कोणं नेली?"