टेंगूळ

लंबू म्हणजे बास्केटबॉल संघाचा सात फुटी सेंटर. सगळा संघ त्याच्याच जिवावर उभा. नव्या जागी पहिल्या खेपेला चौकटीवर डोकं आपटून कपाळाला टेंगूळ यायचंच. पण एकदा आपटलं की ती चौकट तो जन्मात विसरायचा नाही.

नव्याने निघालेल्या एका क्लबाने त्याला फोडलंय, अशी कुणकुण कोचना लागली होती. त्याच क्लबात पहिला सामना खेळायला गेल्यावर कोच मुद्दाम त्याच्या मागून चालू लागले.

"खरं सांग, यांच्याशी बोलणी चालू आहेत ना?"

"आईशप्पथ सर! इथे आजवर पाऊलसुद्धा ठेवलं नाही." मागे वळून, कोचच्या डोळ्यांत बघत लंबू म्हणाला.



आणि तसाच मागे बघत बघत, ड्रेसिंग रूमच्या बुटक्या दारातून अलगद वाकून आत शिरला.