जरा सरका

रविवारी आम्ही हाँगकाँगच्या पादचारी पुलावर पुठ्ठे अंथरून बसतो. घरकामाला आलेल्या आम्हा फिलिपिनो बायकांचं तेच माहेर.

एडिताताई सकाळपासून फोनशी भांडत होती. तिला भावाच्या लग्नाला गावी जायचं होतं. नोकरीवर परत यायचं तर आमच्या सरकारचा दाखला लागतो, आणि त्याचं अ‍ॅप आधी चेहरा पाहतं.

"चौकटीत एकच चेहरा हवा," फोन पुन्हा म्हणाला.

"एकटीच आहे ना, मेल्या!" ताई खेकसली. तिच्यामागे कोरा पुठ्ठा होता.

नॉर्मा शेवया खाता खाता म्हणाली, "गावी वारुळाजवळून जाताना तिथे राहणाऱ्या, न दिसणाऱ्यांना म्हणतो ना, तसं म्हणून बघ."

ताई हसली, पण मान झुकवून हळूच म्हणाली, "जरा सरका हं, आम्हाला जाऊ द्या."

लगेच हिरवी खूण उमटली. ओळख पटली! ताईला रडू फुटलं, आम्ही टाळ्या पिटल्या. लग्न चुकणार नव्हतं आणि नोकरीही जाणार नव्हती.

"तुझ्याही दाखल्याचं उरकून घे गं," ताई मला म्हणाली. मी निर्धास्तपणे फोन चेहऱ्यासमोर धरला. चौकटीत मी एकटीच दिसत होते.

"चौकटीत एकच चेहरा हवा."

सगळ्या खो खो हसल्या. "माझ्याकडून उठून तुझ्याकडे आलं बघ!" ताई म्हणाली.

मीही हसले आणि 'सरका' म्हणायला तोंड उघडलं.

पण मी रांगेच्या टोकाला बसले होते. माझ्या एका खांद्याला ताई टेकली होती, दुसऱ्याला पुलाची भिंत. जे कोण होतं, त्याला सरकायला जागाच नव्हती.