पाय दिसले पाहिजेत

"नुसतं रेकॉर्ड होऊन भागणार नाही, खेळाडूंचे पाय स्पष्ट दिसले पाहिजेत," खो-खो शिकवणाऱ्या मगदूम बाई दुकानदाराला म्हणाल्या. उद्या त्यांच्या मुलींचा उपांत्य सामना होता आणि त्याच वेळी दुसरा उपांत्य सामना टीव्हीवर होता. त्यात खेळणारी तेजल तीन वर्षं त्यांच्या मुलींच्या हाती लागली नव्हती.

दुकानदाराने अँटेनाला जोडून टीव्हीवरचं रेकॉर्ड करायचा स्वस्तातला बॉक्स काढला. बाईंनी तिथेच बातम्या रेकॉर्ड करून हळू चालवल्या, तर चित्र फुटलं. दुसऱ्यात हळू चालवायची सोयच नव्हती.

"एका मॅचसाठी एवढं, बाई?" दुकानदार वैतागला.

"तिसरा लावा," बाई म्हणाल्या. त्यात निवेदिकेच्या बांगडीवरची नक्षीही दिसली. तोच घेतला.

उपांत्य सामना जिंकून मुली बाईंच्या घरी टीव्हीपुढे बसल्या. रेकॉर्ड केलेला तेजलचा सामना नवव्यांदा बघताना एकजण ओरडली, "हूल देण्याआधी ती डावी टाच उचलते!"

अंतिम सामन्यात तेजल विसाव्या सेकंदाला बाद झाली. सामना हरल्यावर ती बाईंकडे आली.

"कसं ओळखलंत?"

बाईंनी सगळं सांगितलं.

"बाई, मी स्वतःला खेळताना कधी पाहिलंच नाही. मला दाखवाल?"