एम्लिनची संमती

बाजारचौकातलं एका दुपारचं सीसीटीव्हीचं फुटेज मागायला बेडोबाई नगरपालिकेत गेल्या. कारकुनाने अर्ज वाचला. "तुमचा चेहरा दिसेल. बाकी सगळ्यांचे पुसट करून देऊ, नियमच आहे तसा."

"बाकावर माझ्या शेजारी नवरा आहे, एम्लिन."

"मग त्यांची लेखी संमती आणा."

"कुठून आणू, बाबा? त्याच संध्याकाळी गेला तो."

कारकुनाने नियमावली काढून दोन पानं उलटली. "मग काहीच अडचण नाही, बाई. हा नियम फक्त जिवंत माणसांसाठी आहे."

आठवड्याने बेडोबाईंनी घरी फुटेज लावलं. चौकात तुडुंब गर्दी होती आणि एकालाही चेहरा नव्हता. बाकावरची दोघं तेवढी लख्ख दिसत होती, बटाट्याच्या शेवटच्या चिपवरून भांडताना.